वर्गणी, नोकरी आणि मानधन : अर्धव्यावसायिक फुटबॉल संघाचा मराठी मुलखातला इतिहास

फुटबॉलच्या इतिहासात खेळाडूंचे हौशी आणि व्यावसायिक असे दोन वर्ग पाडण्याची रीत जुनी आहे. मात्र या दोहोंच्या मधला जो तिसरा वर्ग, म्हणजे दिवसा गिरणीत, कचेरीत, दुकानात किंवा कारखान्यात राबून संध्याकाळी मैदानावर उतरणारा आणि त्या खेळाबद्दल थोडेफार मानधन घेणारा खेळाडू, त्याच्याकडे इतिहासकारांचे लक्ष क्वचितच गेले आहे. अशा खेळाडूंवर उभ्या असलेल्या संघाला अर्धव्यावसायिक संघ म्हणतात. त्याचे ठाणे बहुधा एखाद्या पेठेत किंवा उपनगरात असते, त्याचे पाठीराखे त्याच वस्तीतले असतात, आणि तिकिटांच्या विक्रीतून खर्च भागत नसल्यामुळे कोणाच्या तरी आश्रयावर त्याला तगून राहावे लागते. हा आश्रय कोणाचा, या एका प्रश्नावरच अशा संघांचे आयुष्य ठरत आले आहे. मराठी मुलखात आणि त्याच्या शेजारी या प्रश्नाला चार निरनिराळी उत्तरे मिळाली : हैदराबादेत पोलीस खाते, मुंबईत कंपनी, गोव्यात खाणमालकांची घराणी आणि कोल्हापुरात तालीम. लातूर जिल्ह्यातील चाकूरसारख्या तालुक्याच्या गावी यांपैकी एकही आश्रय फुटबॉलसाठी उभा राहिला नाही, आणि तो का राहिला नाही हा प्रश्न याच इतिहासात मोडतो.

या प्रकाराचा उगम इंग्लंडमधल्या एका तक्रारीत सापडतो. १८८४ च्या जानेवारीत एफए कपच्या एका सामन्यात लँकाशायरमधील प्रेस्टन नॉर्थ एंड आणि लंडनच्या उपनगरातील अप्टन पार्क या संघांची गाठ पडली. सामना बरोबरीत सुटल्यावर अप्टन पार्कने, प्रेस्टनचा संघ पैसे देऊन खेळाडू खेळवतो, अशी तक्रार केली. प्रेस्टनचे व्यवस्थापक विल्यम सडेल यांनी आरोप नाकारला नाही. स्कॉटलंडमधून आणलेल्या खेळाडूंना गावात नोकऱ्या लावून दिल्या जातात, असे त्यांनी उघडपणे मान्य केले आणि संघाला स्पर्धेबाहेर जावे लागले. परंतु उत्तरेकडचे कारखानदारी गावांतील संघ संघटना सोडून जाण्याच्या बेतात आल्यामुळे १८८५ च्या जुलैमध्ये इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनला मोबदल्याला मान्यता द्यावी लागली. ही मान्यताही अटीसह होती : कपसामन्यात खेळणारा व्यावसायिक खेळाडू संघाच्या मैदानापासून सहा मैलांच्या आत जन्मलेला किंवा दोन वर्षे राहिलेला असला पाहिजे. खेळाडूला पैसे मिळण्यापेक्षा बाहेरचा माणूस आपल्या गावाच्या नावाने खेळतो याचा सल लोकांना अधिक होता, हे या अटीवरून दिसते, आणि पुढे सव्वाशे वर्षांनी कोल्हापुरात नेमका हाच वाद पुन्हा उभा राहिला.

लंडनच्या उपनगरांतील संघांनी मात्र हौशीपणाचा बाणा सोडला नाही. १९०५ साली त्यांच्यासाठी स्थापन झालेल्या इस्थमियन लीगचे ब्रीद ‘सन्मान पुरेसा आहे’ अशा अर्थाचे होते आणि प्रारंभी विजेत्याला चषकसुद्धा दिला जात नसे. प्रत्यक्षात सामन्यानंतर खेळाडूच्या बुटात नाणी सरकवण्याची चाल सर्वांना ठाऊक होती, प्रवासखर्चाच्या नावाखाली रकमा दिल्या जात, आणि हौशी संघांच्या चषकाच्या १९५१ सालच्या अंतिम सामन्याला वेम्ब्लीवर एक लाख प्रेक्षक लोटले असताना खेळाडू मात्र कागदोपत्री फुकट खेळत होते. अखेरीस १९७४ साली इंग्लंडने हौशी आणि व्यावसायिक हा नोंदणीतला भेदच काढून टाकला. जगातील सर्वांत शिस्तबद्ध फुटबॉल संघटनेला हे ढोंग संपवायला नव्वद वर्षे लागली, हे लक्षात घेतले तर भारतातील संघांनी तेच ढोंग अधिक सोयीस्कर रूपात चालवले याबद्दल त्यांना फार दोष देता येत नाही.

भारतात फुटबॉल आला तो छावणी आणि शाळा या दोन वाटांनी. सिमल्याची ड्युरँड स्पर्धा १८८८ साली आणि मुंबईची रोव्हर्स स्पर्धा १८९१ साली सुरू झाली, तेव्हा दोन्ही ठिकाणी गोऱ्या पलटणींचे संघच प्रामुख्याने खेळत. पलटणीतल्या सैनिकाला पगार सरकारचा मिळे आणि खेळासाठी सवडही सरकारच देई. त्यामुळे खेळाडूला खेळाचे पैसे न देता नोकरीचा पगार देणे ही व्यवस्था भारतीय फुटबॉलच्या अंगवळणी पहिल्यापासूनच पडली. पुढे पलटणीच्या जागी पोलीस, रेल्वे, गोदी, गिरणी आणि बँक आली, एवढाच फरक झाला. खेळाडू हजेरीपटावर कारकून किंवा शिपाई म्हणून नोंदलेला असे, सकाळी सही करून सरावाला जात असे, आणि संघटनेच्या दृष्टीने तो हौशीच राहत असे.

या व्यवस्थेचे सर्वांत यशस्वी उदाहरण ज्या राज्यात घडले, त्या राज्यात चाकूर आणि त्याच्या आसपासचा मुलूख त्या काळी मोडत होता. आजच्या लातूर जिल्ह्यातील अहमदपूर, उदगीर आणि निलंगा हे तालुके १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत बिदर जिल्ह्यात होते आणि त्यांची राजधानी हैदराबाद होती. हैदराबाद सिटी पोलीस या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे रोव्हर्स चषक जिंकला, आणि १९५०, १९५४ व १९५७ साली ड्युरँड चषकही आपल्या नावावर केला. ड्युरँडच्या १९६१ सालच्या विजयाच्या वेळी हाच संघ आंध्र प्रदेश पोलीस या नव्या नावाने खेळत होता. या संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम पेशाने शाळाशिक्षक होते. खेळाडूंच्या आडदांड धावपळीपेक्षा छोट्या पासवर आणि दोन्ही पायांच्या सारख्या वापरावर त्यांचा भर असे. भारताच्या राष्ट्रीय संघाने त्यांच्या हाताखाली १९५१ आणि १९६२ च्या आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक मिळवले आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथे स्थान पटकावले. १९६३ च्या जूनमध्ये रहीम यांचे निधन झाले, आणि हैदराबादी फुटबॉलचा दबदबा त्यानंतर झपाट्याने ओसरत गेला.

हैदराबादचा पोलीस खेळाडू अर्धव्यावसायिक म्हणावा की व्यावसायिक, याचा निर्णय सोपा नाही. त्याचा पगार खेळावर अवलंबून नव्हता, पण त्याची नेमणूक मात्र खेळावरच झालेली असे. निवृत्तीनंतर त्याला निवृत्तिवेतन मिळे, जे त्या काळातल्या इंग्लंडच्या व्यावसायिक खेळाडूलाही मिळत नव्हते. या अर्थाने पोलीस खाते हा उदार आश्रयदाता होता. त्याची मर्यादा वेगळ्या ठिकाणी होती. खाते राजधानीत होते, सराव राजधानीत होता, आणि खेळाडू निवडले जात तेही बहुतेक राजधानीच्याच मोहल्ल्यांतून, तिथल्या शाळांतून. हैदराबाद संस्थानाच्या मराठी जिल्ह्यांत, म्हणजे औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबादेत, किंवा बिदरच्या मराठी तालुक्यांत, या संघाने वस्तीचा पाया असा घातलाच नाही. विकाराबादहून बिदरमार्गे परळीला जाणारी आगगाडी आजच्या चाकूर तालुक्यातील लातूर रोड स्थानकावरून जात होती, म्हणजे हैदराबादेशी येणेजाणे होते. परंतु गाडीतून वकील, व्यापारी आणि विद्यार्थी आले-गेले, तसा फुटबॉल आला नाही.

याचे कारण केवळ अंतराचे नव्हते. निजामाच्या राजवटीत सभा, खाजगी शाळा आणि आखाडे यांच्यावर परवानगीची बंधने होती, आणि १९३८-३९ मध्ये आर्य समाजाने केलेल्या सत्याग्रहामागच्या तक्रारींत आखाड्यांवरील बंधनांचीही तक्रार होती. आखाडा म्हणजे कसरतीची जागा, परंतु राज्यकर्त्याच्या लेखी ती तरुणांना एकत्र आणणारी, म्हणून संशयास्पद जागा होती. उदगीर आणि लातूरच्या परिसरात आर्य समाजाचे जे काम होते त्याकडे पाहता तो संशय अगदीच निराधार होता असेही म्हणता येणार नाही. ज्या राज्यात गल्लीतल्या तरुणांनी एकत्र येऊन शरीर कमावणे हाच शंकेचा विषय होता, तिथे गल्लीच्या नावाचा खेळसंघ रुजण्याची शक्यता मुळातच कमी होती. याच काळात चाकूरपासून दूर नैर्ऋत्येला असलेल्या दुसऱ्या एका संस्थानात नेमकी उलट परिस्थिती होती.

कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज १८९४ साली गादीवर आले आणि १९२२ साली वारले. या अठ्ठावीस वर्षांत त्यांनी कुस्तीला जो आश्रय दिला त्याची बरोबरी त्या काळच्या कोणत्याही मराठी संस्थानिकाला करता आली नाही. १९०२ च्या युरोप दौऱ्यात पाहिलेल्या रोमच्या प्राचीन क्रीडागाराच्या धर्तीवर त्यांनी खासबाग मैदान बांधवले आणि ते १९१२ साली पूर्ण झाले. मात्र फुटबॉलच्या दृष्टीने मैदानापेक्षाही महत्त्वाची ठरली ती तालीम. तालीम म्हणजे लाल मातीचा हौद, जोर-बैठकांची जागा आणि मारुतीची मूर्ती असलेली व्यायामशाळा. पण कोल्हापुरात तालीम ही त्याहून मोठी संस्था आहे. ती पेठेची चावडी आहे, गणेशोत्सवाचे मंडळ आहे, अनेक ठिकाणी मोहरमचे पंजेही तिच्याच आश्रयाने बसतात, आणि पेठेतल्या भांडणाचा निवाडा पुष्कळदा तिच्या ओट्यावर होतो. तिचा खर्च वर्गणीतून चालतो. वर्गणी दुकानदार देतो, भाजीवाला देतो, नोकरदार देतो, आणि देणगी मोठी असो की छोटी, तिची पावती फाडली जाते.

तालमीने कुस्तीतून एक आर्थिक रीतही घालून दिली होती. पैलवानाला लागणारे दूध, तूप, बदाम यांना मिळून खुराक म्हणतात. हा खुराक पैलवानाच्या घराला परवडत नसे, म्हणून तो दरबार, एखादा धनिक किंवा पेठेतली मंडळी मिळून पुरवीत. खुराक हा पगार नव्हे, कारण त्यात घर चालत नाही. ते बक्षीसही नव्हे, कारण तो जिंकण्याआधी मिळतो. पेठेच्या नावाने लढणाऱ्या माणसाच्या अंगाची जबाबदारी पेठेने उचलणे, एवढाच त्याचा अर्थ आहे. पुढे याच तालमींनी फुटबॉलचे संघ उतरवले, तेव्हा खेळाडूला बूट, गणवेश, सामन्यानंतरचे जेवण आणि हळूहळू हंगामाचे मानधन देण्याला नवा सिद्धांत शोधावा लागला नाही. अर्धव्यावसायिक फुटबॉलचा कोल्हापुरी अवतार इंग्लंडमधून आलेला नसून तो तालमीच्या हौदातून बाहेर आला आहे, असे म्हणण्यास जागा आहे.

कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे ज्या संस्थेला शहरात सगळे केएसए म्हणून ओळखतात ती, १९४० साली राजघराण्याच्या आश्रयाने स्थापन झाली. संघांची आणि खेळाडूंची नोंदणी करणे, साखळी स्पर्धा भरवणे, पंच नेमणे आणि शिस्तभंगाबद्दल कारवाई करणे ही तिची कामे होत. छत्रपती घराण्याचा या संस्थेशी असलेला संबंध आजतागायत टिकून आहे. मालोजीराजे छत्रपती यांनी तिच्या अध्यक्षपदाबरोबरच राज्य आणि राष्ट्रीय पातळीवरील फुटबॉल संघटनांतही पदे सांभाळली आहेत. मात्र १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले तेव्हा दरबाराचा खजिना गेला, आणि तरीही एकही महत्त्वाची तालीम त्यामुळे बंद पडली नाही. कारण दरबार हा तालमींचा मोठा आश्रयदाता होता, एकमेव आश्रयदाता कधीच नव्हता. या एका गोष्टीत कोल्हापूर आणि हैदराबाद यांच्यातला भेद जेवढा स्पष्ट होतो तेवढा तो चषकांच्या यादीतून होत नाही. चषकांच्या यादीत तर हैदराबाद कितीतरी पुढे आहे.

केएसएच्या साखळीत खेळणाऱ्या संघांची नावे वाचली तरी शहराचा नकाशा उलगडतो. पाटाकडील तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ आणि प्रॅक्टिस क्लब हे मंगळवार पेठेचे. शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा तालीम मंडळ आणि संध्यामठ तरुण मंडळ हे शिवाजी पेठेचे. दिलबहार तालीम मंडळ रविवार पेठेकडचे. त्यांच्या जोडीला उत्तरेश्वर प्रासादिक वाघाची तालीम, वेताळमाळ तालीम मंडळ, झुंजार क्लब अशी आणखी नावे येतात. या सगळ्यांचे सामने छत्रपती शाहू स्टेडियमवर होतात. हंगाम दिवाळीनंतर सुरू होऊन पावसाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो, आणि पेठांच्या मोठ्या लढतींना मैदान खचाखच भरते. पाटाकडील आणि दिलबहार यांचा सामना असेल तर शहरातील बाजारपेठेच्या गर्दीवरसुद्धा त्याचा परिणाम दिसतो. या लढतींतल्या चढाओढीला कोल्हापुरात ईर्षा म्हणतात, आणि ईर्षा हाच या फुटबॉलचा खरा भांडवलदार आहे.

उपनगरातील संघ या रचनेत उशिरा आला. शहराच्या पश्चिमेला असलेल्या फुलेवाडीचे फुलेवाडी क्रीडा मंडळ हे त्याचे ठळक उदाहरण. त्याच्या नावात तालीम नाही, यावरून त्याची घडण वेगळी असल्याचे सूचित होते. जुन्या पेठेत माणूस जन्माने संघाचा होतो. उपनगरात वस्ती नवी, माणसे ठिकठिकाणची, तेव्हा तिथे संघच वस्तीला एक नाव देतो. लंडनच्या डलिच किंवा लेटनसारख्या उपनगरांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संघ निघाले तेही याच गरजेतून. फुलेवाडीचा संघ वरिष्ठ गटात जुन्या पेठांच्या तालमींशी टक्कर देऊ लागला, तेव्हा शहराची हद्द महापालिकेच्या ठरावात नव्हे तर साखळीच्या तक्त्यात वाढली, असे थोड्या अतिशयोक्तीने म्हणता येईल.

मानधनाचा प्रवाह वाढला तो स्पर्धा वाढल्यावर. साखळीखेरीज महापौर चषक, सतेज चषक, अटल चषक अशा स्पर्धा सुरू झाल्या आणि त्यांच्याबरोबर रोख बक्षिसे आली. चषकांच्या नावांवरूनच आश्रयदात्यांमध्ये राजकीय पुढारी शिरल्याचे कळते. पेठेचा संघ म्हणजे पेठेची मते, हे गणित कोणत्याही पक्षाच्या नजरेतून सुटण्यासारखे नव्हते. पैसा आला तसे खेळाडू फोडण्याचे, म्हणजे हंगामाच्या नोंदणीपूर्वी दुसऱ्या तालमीचा चांगला खेळाडू अधिक मानधनावर आपल्याकडे ओढण्याचे प्रकारही वाढले. एका पिढीपूर्वी एका पेठेच्या पोराने दुसऱ्या पेठेचा शर्ट घालणे हा घराण्याला बट्टा समजला जाई. आता नोंदणीच्या आठवड्यात कोण कुठे गेला याच्या बातम्या स्थानिक वृत्तपत्रांच्या क्रीडा पानावर येतात आणि चवीने वाचल्या जातात.

त्यानंतरची पायरी बाहेरच्या खेळाडूंची. गोवा, मुंबई, पुणे येथून आणि पुढे नायजेरिया व अन्य आफ्रिकी देशांतून आलेले खेळाडू कोल्हापूरच्या तालमींकडून खेळू लागले. या खेळाडूंमुळे सामन्याचा दर्जा वाढला यात शंका नाही. उंच चेंडूवरचे नियंत्रण, शरीराचा वापर आणि बचावफळीची शिस्त या गोष्टी स्थानिक पोरांनी त्यांच्याकडून उचलल्या. पण पेठेच्या वर्गणीतून बाहेरच्या माणसाचे मानधन द्यायचे आणि पेठेतला पोरगा राखीव खेळाडूंच्या बाकावर बसवायचा, हे पुष्कळांना रुचले नाही, आणि अशा खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा घालण्याचा मार्ग केएसएला पत्करावा लागला. १८८५ सालची सहा मैलांची अट आणि ही मर्यादा यांच्यामागची भावना एकच आहे. अर्धव्यावसायिक संघ जोवर वस्तीच्या पैशावर चालतो तोवर तो वस्तीचा दिसलाही पाहिजे. तो तसा दिसेनासा झाला की वर्गणीची पावती फाडणे कठीण जाते.

ईर्षेची काळी बाजू नोंदवल्याशिवाय हा इतिहास पूर्ण होत नाही. पाठीराख्यांची हुल्लडबाजी, मैदानावर होणारी फेकाफेक, सामन्यानंतर पेठांच्या सीमेवर झालेल्या मारामाऱ्या यांमुळे सामने थांबवण्याची, संघांवर कारवाई करण्याची आणि पोलीस बंदोबस्तात खेळ चालवण्याची वेळ अनेकदा आली आहे. पंचाचा निर्णय न पटल्यास मैदान सोडून जाणे हा प्रकारही जुनाच. कोल्हापूरकर या गोष्टींकडे कधी कधी कौतुकाने पाहतात. तसे पाहण्याचे कारण नाही. ज्या शहरात फुटबॉलवर एवढा जीव आहे तिथून राष्ट्रीय पातळीवर गेलेल्या खेळाडूंची संख्या त्या मानाने थोडी का, या प्रश्नाच्या उत्तरात ईर्षेचाही वाटा आहे. पेठेचा सामना जिंकणे हेच अंतिम ध्येय झाले की तेराव्या-चौदाव्या वर्षी मुलाला शास्त्रशुद्ध प्रशिक्षणासाठी शहराबाहेर पाठवण्याची निकड वाटत नाही. २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचा, परंतु त्याची जडणघडण पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत झाली. मोहन बागानपर्यंत पोचलेला निखिल कदमही कोल्हापूरचाच, पण त्याचे नाव झाले ते शहराबाहेरच्या व्यावसायिक संघांकडून. मुलींच्या बाबतीत मात्र एफसी कोल्हापूर सिटी हा संघ इंडियन विमेन्स लीगमध्ये खेळला, आणि पेठांच्या भांडणात न सापडलेल्या या संघाने शहराचे नाव थेट राष्ट्रीय स्पर्धेत नेले, ही बाब विचार करण्याजोगी आहे.

मुंबईची कथा त्या तुलनेने आटोपशीर सांगता येते, कारण तिचा शेवट अनेकदा एकाच प्रकारे झाला. टाटा स्पोर्ट्स क्लब, कॅलटेक्स, मफतलाल, ऑर्के मिल्स, महिंद्र अशा कंपन्यांनी खेळाडूंना नोकऱ्या देऊन संघ उभे केले. कॅलटेक्सने १९५८ साली रोव्हर्स चषक जिंकला, तर मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारे नेव्हिल डिसूझा हे टाटांच्या संघाचे. गिरण्यांची पडझड झाली तसे गिरण्यांचे संघ गेले. महिंद्र युनायटेड हा २००५-०६ चा राष्ट्रीय लीगविजेता संघ. तो कंपनीच्या एका निर्णयासरशी २०१० साली बंद झाला. पुण्यातील डीएसके शिवाजियन्स आणि मुंबई एफसी हे संघ २०१७ नंतर दिसेनासे झाले. या संघांचे खेळाडू कोल्हापूरच्या खेळाडूंपेक्षा निःसंशय सरस होते आणि त्यांना पैसेही अधिक मिळत. पण संघ बंद झाल्यावर रस्त्यावर उतरून विचारणारी वस्ती त्यांच्यामागे नव्हती.

गोव्याचे उदाहरण या दोहोंच्या मधले आहे. तिथे गावोगावचे, चर्चच्या अंगणाशी जोडलेले संघ आणि साळगावकर, धेंपो यांसारख्या उद्योगघराण्यांचे संघ एकमेकांना पूरक ठरले : गावाने खेळाडू घडवला, घराण्याने त्याला पगार दिला. साळगावकरांचा संघ १९५६ सालचा. गोवा फुटबॉल असोसिएशनची स्थापना पोर्तुगीज अमदानीत, १९५९ साली झाली. धेंपो संघाने राष्ट्रीय लीग आणि तिच्या जागी आलेली आय-लीग मिळून पाच वेळा विजेतेपद मिळवले. २०१२ साली लोहखनिजाच्या खाणी थांबल्या आणि पुढे राष्ट्रीय स्पर्धांची रचना बदलली, तेव्हा २०१६ साली साळगावकर, धेंपो आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी आय-लीगमधून अंग काढून घेतले. तरीही गावांचे सामने चालूच राहिले, आणि गोव्याच्या स्थानिक लीगला खेळाडूंची वाण कधी पडली नाही.

या पार्श्वभूमीवर चाकूरकडे पाहिले असता तिथे अर्धव्यावसायिक खेळाडूच नव्हता असे म्हणणे चुकीचे ठरते. तो होता, फक्त तो फुटबॉल खेळत नव्हता. लातूर-नांदेडकडच्या जत्रांत नारळाच्या कुस्तीपासून शेवटच्या मानाच्या कुस्तीपर्यंत इनामाची चढती भाजणी असते; जत्रा समिती गावातून वर्गणी गोळा करते आणि पैलवान हंगामात एका जत्रेतून दुसऱ्या जत्रेत जात शेतीला जोड देणारी कमाई करतो. निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार महाराष्ट्र केसरी आणि हिंदकेसरी झाले ते या परंपरेतून निघून आणि कोल्हापूरच्या तालमीत घडून. म्हणजे लातूरकडचा गुणी खेळाडू कोल्हापूरला गेला, तो ज्या संस्थेने तिकडे फुटबॉल वाढवला त्याच संस्थेच्या दारी गेला. नांदेडात गुरू गोविंदसिंगजींच्या नावाने भरणारी अखिल भारतीय हॉकी स्पर्धाही अशाच सामुदायिक, धार्मिक आश्रयावर वर्षानुवर्षे टिकून आहे. वर्गणीची सवय, गर्दीची हौस आणि गावाच्या नावाची ईर्षा ही तिन्ही साधने मराठवाड्यात होतीच. कमी पडली ती गल्लीला जोडलेली, बारा महिने उघडी असणारी तालीम, आणि तिच्या अभावाचा दोष गावकऱ्यांकडे कमी व आखाड्यांकडे संशयाने पाहणाऱ्या जुन्या राजवटीकडे जास्त जातो.

या सगळ्या इतिहासाची साधने मात्र धोक्यात आहेत. पोलीस खात्याच्या आणि कंपन्यांच्या संघांची कागदपत्रे कुठे ना कुठे दप्तरात बांधलेली असतात. तालमींची पावतीपुस्तके, खेळाडूंच्या नोंदणीच्या वह्या, सामन्यांची भित्तिपत्रके, तसेच जत्रा समित्यांनी लिहून ठेवलेल्या कुस्त्यांच्या आणि इनामांच्या याद्या दरवर्षीच्या साफसफाईत रद्दीत जातात. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाने आणि नांदेडात स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाने ही कागदपत्रे मिळवून त्यांची सूची करावी, आणि ज्या वाचकांच्या घरी अशी एखादी जुनी वही, पावती किंवा संघाचे छायाचित्र असेल त्यांनी ते टाकून देण्यापूर्वी या संस्थांना दाखवावे.